शोरूममध्ये दिलेला शब्द कायद्याला ऐकू येतो

नवी गाडी घेऊन पस्तावलेल्या माणसाला घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘‘लेखी घेतलं होतंस का?’’ उत्तर ‘नाही’ असे आले की विषय तिथेच मिटतो. शोरूममधल्या पोराने शहरात बावीसचे ॲव्हरेज सांगितले होते. मॅनेजर म्हणाला होता, ‘गिअरबॉक्सची चिंता करू नका, पाच वर्षं कंपनी बघेल’. कंपनीच्या माणसाने फोनवर पार्ट फुकट बदलून देण्याचा शब्द दिला होता. पण हे सारे बोलण्यातले, आणि बोलण्यातल्या गोष्टीला कायदा विचारत नाही, अशी पक्की समजूत आहे. ती फक्त ग्राहकांची नाही. ओळखीचे वकील हाच सल्ला देतात आणि ग्राहक चळवळीतले अनुभवी लोकही ‘पुढच्या वेळी लेखी घ्या’ एवढेच सांगून माणसाला परत पाठवतात. मला ही समजूत साफ चुकीची वाटते. कलमे जवळून वाचली तर ती नेमके उलट सांगतात. माणसे तक्रार करण्याआधीच हार मानतात ती या समजुतीपायी, म्हणून तिचे खंडन होणे गरजेचे आहे.

आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडतो, कारण तो पोकळ नाही. त्याचे पहिले म्हणणे असे की बुकिंगच्या वेळी ग्राहक ऑर्डर फॉर्मवर सही करतो. त्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असते की यात नमूद नसलेले कोणतेही तोंडी आश्वासन कंपनीवर वा डीलरवर बंधनकारक नाही. करार लेखी झाला की त्याच्या शर्ती बदलणारा, वाढवणारा किंवा खोडणारा तोंडी पुरावा देता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. दुसरे म्हणणे, शब्द देतो डीलरचा माणूस. कंपनी डीलरला गाड्या विकून मोकळी झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात टाटा मोटर्सला याच मुद्द्यावर मोकळे केले. तिसरे, विक्रेता मालाची स्तुती करणारच, ती कोणी शब्दशः घेत नाही. आणि चौथे, वॉरंटीच्या पुस्तिकेत जेवढे कबूल केले तेवढेच मिळते. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. चारही मुद्द्यांमागे कायदा आहे किंवा निकाल आहे. म्हणूनच ते सुटे करून तपासावे लागतात.

लेखीपणापासून सुरुवात करू. आपल्या करार कायद्याचे कलम १० लेखी-तोंडी असा भेद करत नाही. दोन्ही बाजूंची मोकळी संमती, पात्रता, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू असला की करार होतो. लेखी लागते ते दुसरा एखादा कायदा तसे म्हणत असेल तरच. जमिनीच्या आणि घराच्या खरेदीखताला नोंदणी लागते, म्हणून आपल्या मनात ‘व्यवहार म्हणजे स्टॅम्पपेपर’ हे बसले आहे. गाडी ही जंगम वस्तू आहे. तिला लागू होतो १९३० चा मालविक्री कायदा आणि त्याचे कलम ५ सरळ सांगते की विक्रीचा करार लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो, अर्धा लेखी अर्धा तोंडी होऊ शकतो, किंवा दोन्ही पक्षांच्या वागण्यातूनही निघू शकतो. हा तिसरा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडची बहुतेक गाडीखरेदी त्यातच बसते. फॉर्मवर मॉडेल, रंग, किंमत, ॲडव्हान्स असतो. गाडी काय करेल, किती चालेल, बिघडली तर कोण बघेल, हे सारे टेबलाच्या दोन बाजूंनी बोलून ठरलेले असते.

मग कलम ९५ चे काय? ते वाचताना लोक मुख्य वाक्यावर थांबतात, खालची परंतुके वाचत नाहीत. पहिले परंतुक सांगते की फसवणूक किंवा चूक दाखवणारी गोष्ट तोंडी पुराव्याने सिद्ध करता येते. दुसरे सांगते की ज्या बाबीवर दस्तऐवज गप्प आहे आणि जे दस्तऐवजाच्या शर्तींशी विसंगत नाही, अशा वेगळ्या तोंडी कराराचा पुरावा देता येतो. ऑर्डर फॉर्म ॲव्हरेजवर गप्पच असतो. पाच वर्षे गिअरबॉक्स बघू की नाही, यावरही गप्प असतो. आणि ‘तोंडी आश्वासन बंधनकारक नाही’ हे छापील वाक्य स्वतः खोटे बोलून घेतलेल्या सहीला झाकू शकत नाही. करार कायद्याच्या कलम १७ आणि १८ पासून सुटण्याची सोय कोणालाही नुसत्या छपाईने करून घेता येत नाही. कलम १७ मध्ये तर, पुरे करण्याचा इरादा नसताना दिलेले वचन, हाही फसवणुकीचाच एक प्रकार मोजलेला आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर मी ग्राहकाला दिवाणी न्यायालयाच्या दारात नेऊन सोडल्यासारखे होईल. खरी ताकद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातली ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या आपल्या चर्चेत क्वचितच उघडून वाचली जाते. मालाच्या दर्जात, प्रमाणात, क्षमतेत, शुद्धतेत किंवा मानकात असलेली उणीव म्हणजे दोष. उणीव कशाच्या तुलनेत मोजायची? व्याख्या तीन मोजपट्ट्या देते: कायद्याने ठरवलेली, करारातून, मग तो स्पष्ट असो वा गर्भित, ठरलेली, आणि व्यापाऱ्याने त्या मालाबद्दल कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याची. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द संसदेने सहज टाकलेले नाहीत. ते १९८६ च्या कायद्यातही होते आणि नव्या कायद्यात कायम ठेवले गेले. शिवाय ‘व्यापारी’ या शब्दात विक्रेत्याबरोबर उत्पादकही येतो, असे तोच कायदा सांगतो.

अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या याहून स्पष्ट आहे. तोंडी, लेखी, दृश्य किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही स्वरूपात केलेले विधान त्यात येते. ‘तोंडी’ हा शब्द तिथे पांढऱ्यावर काळा आहे. माल विशिष्ट दर्जाचा असल्याचे खोटे सांगणे, जुना माल नवा म्हणून खपवणे, पुरेशा चाचणीशिवाय मालाच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणे, हे सारे त्यात मोडते. चाचणी झाली होती असा बचाव घ्यायचा तर ती सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर आहे. त्यापुढचे उपकलम तर आपल्या विषयासाठीच लिहिल्यासारखे आहे: वस्तू किंवा तिचा भाग बदलून देण्याचे, सांभाळण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे वचन जनतेला दिले आणि ते ठळकपणे दिशाभूल करणारे असले, किंवा ते पाळले जाण्याची वाजवी शक्यताच नसली, तर ती अनुचित प्रथा. ज्या कायद्यात हे लिहिले आहे त्याच्या राज्यात राहून ‘लेखी नाही म्हणजे काही नाही’ असे आपण एकमेकांना सांगत असतो, याचे मला वाईट वाटते.

विक्रीनंतर दिलेल्या शब्दाचे काय, असा एक बारीक प्रश्न उरतो. गाडी घेऊन तीन वर्षे झाली, वॉरंटी संपली आणि कस्टमर केअरने ‘या वेळी फुकट करून देतो’ म्हटले. पैसे आधीच देऊन झाल्यामुळे या शब्दाला नवा मोबदला नाही, म्हणून करार म्हणून तो कच्चा ठरतो, हे मान्य करायला हवे. तरीही सेवेतील ‘त्रुटी’ची व्याख्या पाहा. करारानुसार ‘किंवा अन्यथा’ जे करण्याचे अंगावर घेतले त्यातली कमतरता म्हणजे त्रुटी. वर्कशॉपने गाडी आत घेतली, जॉब कार्ड उघडले, पार्ट मागवतो म्हणून सांगितले, तर काम अंगावर घेतलेले आहे. ते अर्धवट सोडणे म्हणजे त्रुटी, असा युक्तिवाद या दोन शब्दांच्या आधाराने भक्कम उभा राहतो.

आता स्तुतीचा मुद्दा. हा पूर्वपक्षाचा सर्वांत मानण्यासारखा भाग आहे. ‘सेगमेंटमधली सगळ्यात भारी गाडी’, ‘रस्त्यावरून जाल तर लोक वळून बघतील’ अशा वाक्यांवर कोणी दावा लावू शकणार नाही, आणि लावू नये. पण स्तुती आणि वस्तुस्थितीचे विधान यांच्यातली रेषा कोर्टांनी फार पूर्वी आखली आहे, तीही गाड्यांच्याच निमित्ताने. इंग्लंडमधले दोन खटले आहेत, दोन्ही न्यायमूर्ती डेनिंग यांच्यासमोरचे. १९५७ च्या खटल्यात एका साध्या मालकाने आपली जुनी मॉरिस डीलरला देताना ती १९४८ ची असल्याचे सांगितले. नोंदणीपुस्तकात तसेच होते. गाडी निघाली १९३९ ची. कोर्टाने त्याला जबाबदार धरले नाही, कारण त्याच्याकडे वेगळी माहिती नव्हती आणि समोरचा डीलर स्वतः जाणकार होता. १९६५ च्या खटल्यात उलटे घडले. डीलरने ग्राहकाला सांगितले की ही बेंटली इंजिन बदलल्यापासून वीसच हजार मैल चालली आहे. ती सुमारे लाख मैल चाललेली होती. इथे कोर्टाने तोंडी वाक्याला हमीचा दर्जा दिला, कारण सत्य तपासण्याची साधने डीलरच्या हातात होती, ग्राहकाच्या नव्हती. दोन्ही वाक्ये तोंडीच होती. फरक पडला तो कोणाला काय माहीत असायला हवे होते, यामुळे. आपल्या शोरूमला ही कसोटी लावून पाहा. इंजिनाची, बॅटरीची, गिअरबॉक्सची माहिती टेबलाच्या कोणत्या बाजूला असते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

ॲव्हरेजच्या बाबतीत कंपन्यांचा ठरलेला बचाव पुण्यातून येतो. आकडा तिथल्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेचा आहे, प्रमाणित परिस्थितीतला आहे, रस्त्यावरचा नाही. बचाव खराही आहे. तिथे गाडी रोलरवर उभी करून, ठरवून दिलेल्या वेगचक्राप्रमाणे चालवतात. सिंहगड रस्त्यावरचे सिग्नल, चार माणसे, चालू एसी आणि डिक्कीतले सामान त्या खोलीत नसते. म्हणून विक्रेता ‘एआरएआयचा आकडा चोवीस’ एवढेच म्हणाला तर ते सत्य आहे आणि त्यावर कोणी भांडू नये. पण तो ‘तुम्हाला गावात बावीस मिळेल’ म्हणाला, तर तो एआरएआयचा आकडा सांगत नाही; तो स्वतःचा, त्या ग्राहकाच्या वापराबद्दलचा दावा करतो आहे. आणि दावा ‘दोष’च्या व्याख्येत बसतो. असे दावे टिकलेले आहेत. २००४ मध्ये मारुतीची गाडी घेतलेल्या एका ग्राहकाने जाहिरातीतल्या लिटरला सोळा ते अठरा किलोमीटरवर विश्वास ठेवला होता. प्रत्यक्षात मिळाले सुमारे दहा. भरपाई लाखभर रुपयांची होती आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ती कायम ठेवली. केरळात त्रिशूरच्या आयोगापुढे फोर्डच्या डिझेल गाडीचा बत्तीसचा आकडा होता. आयोगाने तज्ज्ञ नेमला, त्याच्या चाचणीत १९.६ निघाला, आणि ग्राहकाला तीन लाखांहून अधिक रक्कम मिळाली. हे दावे छापील होते, हे खरे. पण जाहिरात आणि माहितीपत्रक हे ऑर्डर फॉर्मचा भाग नसतात. ‘जे सहीच्या कागदावर नाही ते नाही’ हे तत्त्व या दोन्ही प्रकरणांत टिकले नाही, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे.

बारीक अक्षरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकालही इथे आठवायला हवा. ह्युंदाईच्या क्रेटाला समोरून धडक झाली आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनी म्हणाली, पुरेशा जोराची धडक नव्हती. न्यायालयाने म्हटले की ग्राहकाने वेग आणि बलाचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावे अशी अपेक्षा नाही. एअरबॅग आहेत म्हटल्यावर समोरच्या धडकेत त्या उघडतील असेच तो धरून चालणार. म्हणजे शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या कानाने लावायचा, कंपनीच्या अभियंत्याच्या कानाने नाही.

उरला सर्वांत कठीण मुद्दा. बोलला डीलर, मग उत्पादकाने का भरावे? याची दोन उत्तरे आहेत. उत्पादक स्वतः ग्राहकाशी बोलला असेल तर मध्ये डीलर असल्याने काही बिघडत नाही. याचे मला आवडणारे उदाहरण गाडीचे नाही, रंगाचे आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट बेटावर शँकलिन नावाचे गाव आहे, तिथे समुद्रात गेलेला लोखंडी धक्का होता. धक्क्याच्या मालकांना रंगकाम करायचे होते. रंग बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने येऊन सांगितले की आमचा रंग सात ते दहा वर्षे टिकेल. मालकांनी ठेकेदाराला तोच रंग घ्यायला लावले. रंग विकत घेतला ठेकेदाराने, पैसे दिले ठेकेदाराने. तीन महिन्यांत रंग उडाला. मालकांनी रंगाच्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा कंपनी म्हणाली, आमचा आणि यांचा विक्रीचा करारच नाही. १९५१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मुख्य विक्रीच्या शेजारी एक दुसरा करार उभा राहिला आहे: तुमच्या शब्दावर विसंबून मी माझ्या ठेकेदाराला तुमचा माल घ्यायला लावतो, हाच त्याचा मोबदला. गाडीच्या बाबतीत हे जसेच्या तसे लागू होते. कंपनी टीव्हीवर, वेबसाइटवर, कस्टमर केअरच्या फोनवर ग्राहकाशी थेट बोलते, आणि त्या बोलण्यावर विसंबून तो डीलरकडे जाऊन पैसे भरतो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याही आधी, १९३२ मध्ये, फोर्डला असेच धरले होते. १९३० मध्ये घेतलेली मॉडेल ए, डीलरकडून. फोर्डच्या छापील साहित्यात पुढची काच न फुटणारी असल्याचे म्हटले होते. रस्त्यावरचा एक खडा उडून काचेवर बसला, काच फुटली, आणि चालकाचा डावा डोळा गेला. फोर्डशी करार नव्हता, तरी न्यायालयाने म्हटले की ज्या गुणाची सत्यता ग्राहक सहज तपासू शकत नाही त्याबद्दल उत्पादकाने केलेल्या विधानावर त्याने विसंबणे रास्त आहे. परदेशी निकाल आपल्या आयोगांवर बंधनकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जे तत्त्व त्या न्यायालयांना करारांच्या आडवळणाने शोधावे लागले ते आपल्या कायद्याने ‘व्यापारी’च्या व्याख्येत उत्पादकाला बसवून थेट दिले आहे.

दुसरे उत्तर, डीलर एकटा बोलला तेव्हाचे. इथे गोव्याचा निकाल नीट वाचावा लागतो. २०११ मध्ये ग्राहकाने नव्या गाडीचे पैसे भरले आणि त्याच्या हाती पडली २००९ मध्ये तयार झालेली, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी. सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले, कारण डीलरच्या या करणीची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात हात होता असा ठोस आरोपच तक्रारीत नव्हता, मग पुरावा कुठला? कंपनी आणि डीलर यांचे नाते या प्रकरणातल्या वस्तुस्थितीत दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, असे न्यायालयाने म्हटले. ‘या प्रकरणातल्या वस्तुस्थितीत’ हे शब्द गाळून हा निकाल सांगितला जातो आणि त्याचा सार्वत्रिक नियम बनतो. शिवाय सुटली ती कंपनी. डीलरला त्याच्या कृत्यातून कोणी मोकळे केले नाही. तक्रारीत कंपनीविरुद्ध काय लिहिले नव्हते, हा त्या निकालाचा गाभा आहे. मग काय लिहायला हवे? करार कायद्याचे कलम २३७ सांगते की आपल्या वागण्याने लोकांना ‘हा माझ्या वतीने बोलतो’ असे वाटायला लावणारा मालक त्या बोलण्याला बांधील राहतो. दारावर कंपनीची पाटी, विक्रेत्याच्या शर्टवर कंपनीचे चिन्ह, त्याला प्रशिक्षण कंपनीचे, हातात दिलेले माहितीपत्रक कंपनीचे, बुकिंगनंतर फोनवर येणारा मेसेज कंपनीचा. हे तपशील तक्रारीत मांडले, फोटोंसह लावले, तर गोव्याच्या निकालाला उत्तर तयार होते. मांडलेच नाहीत तर आयोग ते मनाने धरणार नाही.

मारुतीचा २००६ चा निकाल मात्र मी जसाच्या तसा मान्य करतो. तोंडी शब्द मोडला म्हणून नवी कोरी गाडी मिळेल, ही आशा कोणी धरू नये. मिळते ती भरपाई, दुरुस्ती, कधी परतावा. तसेच नव्या कायद्यातल्या उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणाबद्दलही सावध राहावे. तिथे ‘स्पष्ट हमी’ची व्याख्या इतकी रुंद आहे की कोणतेही महत्त्वाचे विधान किंवा वचन तिच्यात बसते, आणि कलम ८४ नुसार निष्काळजीपणा वा लबाडी नव्हती असे दाखवूनही उत्पादक सुटत नाही. हे वाचून वकील हुरळतात. पण त्याच प्रकरणासाठी ‘हानी’ची जी व्याख्या आहे तिच्यातून खुद्द मालाचे नुकसान आणि आर्थिक तोटा वगळला आहे. काच फुटून डोळा गेला तर तो दरवाजा उघडा आहे; ॲव्हरेज कमी मिळाले तर बंद. ॲव्हरेजवाल्याने ‘दोष’ आणि ‘अनुचित प्रथा’ याच वाटेने जावे. ही वगळणूक मला अन्यायाची वाटते आणि ती दुरुस्त व्हावी, पण आज कायदा तसा आहे.

भविष्याबद्दलचा शब्द हा याच्याही पुढचा प्रश्न आहे आणि तो आता वाढत जाणार. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की यापुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत स्वतःहून पूर्णपणे चालण्यासाठी लागणारे हार्डवेअर असेल. सॉफ्टवेअर नंतर येईल. जानेवारी २०२५ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच मान्य केले की स्वयंचलनाचे पॅकेज घेतलेल्यांच्या जुन्या गाड्यांमधला संगणक बदलावा लागेल. अशा घोषणेत दोन वाक्ये गुंतलेली असतात. ‘पुढे येईल’ हे भाकीत आहे, त्यावर जबाबदारी बसवणे अवघड. पण ‘लागणारे ते गाडीत आहे’ हे आजच्या वस्तुस्थितीचे विधान आहे, आणि ते चुकीचे ठरले तर भाकिताच्या आडोशाला लपू देता कामा नये. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे भारतातले पहिले शोरूम मुंबईत बीकेसीला उघडले, आणि आपल्या देशी कंपन्याही विजेच्या गाड्या विकताना ‘हे फीचर अपडेटमध्ये येईल’ म्हणतातच. वचन पाळण्याची वाजवी शक्यता होती की नाही, हे उपकलम अशा वेळी उपयोगी पडणार आहे.

म्हणजे अडचण कायद्यात नाही, ती पुराव्यात आहे, आणि तीही सांगितली जाते तेवढी मोठी नाही. आयोगापुढचे काम प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदपत्रांवर चालते. ग्राहकाने शपथेवर सांगितलेली गोष्ट हा पुरावाच आहे. तिला खोडायचे तर डीलरला त्या विक्रेत्याचे प्रतिज्ञापत्र आणावे लागते, आणि तो विक्रेता बहुधा नोकरी सोडून दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो. उत्तर देण्याला मुदत तीस दिवसांची, वाढवून जास्तीत जास्त पंचेचाळीस. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्के केले. शिवाय ज्याला आपण तोंडी म्हणतो ते पुष्कळदा कुठेतरी उमटलेले असते. कोटेशनचा कागद घरी शोधून बघा: ऑन-रोड किमतीची बेरीज, विम्याच्या आकड्यावर मारलेली फुली, कोपऱ्यात पेनाने लिहून भोवती गोल केलेले ‘२२’, खाली ‘४ सर्व्हिस फ्री’ आणि विक्रेत्याचा मोबाइल नंबर. ते अक्षर त्याचे आहे. व्हॉट्सॲपवर त्याने ‘सर काळजी करू नका, कंपनी करून देईल’ असे पाठवलेले असते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले की ते दाखल करता येते. काहीच नसेल तर शोरूममधून आल्याच्या संध्याकाळी ‘आज आपण असे असे सांगितलेत, त्यावरून मी बुकिंग करत आहे’ असा दोन ओळींचा मेल पाठवावा. त्याला नकाराचे उत्तर आले नाही, तर ते मौनही पुराव्यात जमा होते.

एक आक्षेप धोरणाचा आहे: विक्रेत्यांचा प्रत्येक शब्द बंधनकारक धरला तर ते तोंडच उघडणार नाहीत आणि नुकसान ग्राहकाचेच होईल. मला हे पटत नाही. बंधन येते ते ठाम, तपासता येण्यासारख्या आणि खरेदीला कारण झालेल्या विधानावर. जो माणूस ‘शहरात किती मिळेल ते वापरावर आहे, आमच्या ग्राहकांना पंधरा ते अठरा मिळते’ असे सांगतो, त्याला भिण्याचे कारण नाही. त्याच्याशेजारच्या टेबलावरचा ‘बावीस, डोळे झाकून घ्या’ म्हणत असेल, तर आज गाडी तोच विकतो आणि खरे बोलणारा मागे पडतो. शब्दाची जबाबदारी नसल्याचा तोटा पहिल्यांदा त्या प्रामाणिक विक्रेत्याला होतो.

तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. डीलर नाशिकला आणि कंपनीचे मुख्यालय परराज्यात असले तरी जळगावच्या माणसाला जळगावातच. फी मोजली जाते दिलेल्या किमतीवर: पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. डीलरबरोबर कंपनीलाही विरुद्ध पक्ष करावे आणि तिने काय केले हे वेगळ्या परिच्छेदात लिहावे. मुदत आहे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ‘बघतो साहेब, वर कळवलंय’ या फोनांनी ती लांबत नाही. उशिराचे सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण वर्कशॉपच्या आशेवर थांबलो होतो हे कारण प्रत्येक आयोग मानेलच असे नाही. तेव्हा दुसऱ्यांदा गाडी आत गेली आणि जॉब कार्डवर तीच तक्रार पुन्हा लिहिली गेली, की त्याच आठवड्यात नोटीस पाठवावी.